शेपटीवाली बुंदी

प्रतापनगरात त्या आठवड्यात एकच बातमी होती: गजभिये बाईंनी शाळेच्या वर्गात हलवायाचं दुकान टाकलं! शेजारच्या शोभाताई तर शाळेच्या फाटकाशी उभ्या राहून वासही घेऊन आल्या होत्या.

वास खरा, दुकान खोटं. साल सत्त्याहत्तर, सातवीचा विज्ञानाचा तास, आणि शाळा तपासायला आलेले साहेब.

पुष्पलता गजभिये कुही गावच्या धानाच्या बांधावरून शिकत शिकत मास्तरीण झालेल्या. घरची भाजी त्यांचे मिस्टरच करतात, हे सगळ्या गल्लीला ठाऊक. पण शिकवणं? त्यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. पोरांना त्या सांगत, पावसाचा थेंब टोकदार नसतोच. लहान असला तर गोटीसारखा गोल. मोठा झाला की खालून हवा रेटते आणि तो बुडाशी चपटा होतो, बनपावासारखा. पुस्तकातल्या थेंबाला मात्र ही शेंडी!

हेडमास्तर वामनरावांनी बजावलं, "बाई, साहेबांपुढे पोरांनी पुस्तकातलाच थेंब काढला पाहिजे. यंदा तुम्हाले कायम व्हायचं हाय, ध्यानात ठेवा."

बाईंनी ध्यानात ठेवलं, आणि पडता थेंब गोल होतो हे बुंदी पाडून दाखवायला साहेबांपुढे स्टोव्ह पेटवला.

झाऱ्यातून भिजवलेलं बेसन कढईत पडलं. बुंदी वर आली ती एकेक शेपटी घेऊन! वर्ग फिदीफिदी हसला. वामनराव खुलले. "पाहा साहेब, निघाली ना शेंडी!"

बाईंची नोकरीच कढईत तरंगत होती. पण त्यांनी एक बुंदी चिमटीत धरून निरखली आणि पोरांनाच विचारलं, "पीठ कसं हाय रे हे?"

"घट्ट, बाई!"

"पाणी एवढं घट्ट राहते का?"

"नाही!"

"मंग? घट्ट पिठाले अंग आवरून गोल होता येत नाही. पाणी झटकन आवरते."

माठातलं पाणी पिठात गेलं, झारा पुन्हा कढईवर आला. या खेपेला बुंदी निघाली गोल, मोत्यासारखी.

साहेबांनी वर्गाकडे पाहिलं. "मग चित्रात शेंडी कुठून आली?"

मागच्या बाकावरून उत्तर आलं, "नळाले लटकते तवाच असते जी! सुटला का गोल!"

साहेबांनी तिथेच शेरा लिहिला: बाईंना कायम करावे. त्या दिवसापासून प्रतापनगरात पत्ता सांगताना लोक ऐटीत म्हणू लागले, "थेंबवाल्या बाईंच्या शेजारी."

वामनरावांनी गोल बुंदीच्या बशीकडे हात नेला. बाईंनी ती बशी ओढून घेतली आणि पहिल्या घाण्याची पुढे केली.

"सर, तुम्ही शेपटीवाली घ्या. तुम्हाले तीच पटते."