लाईटवरची पेटी

विमलआक्का गेल्याचं मला शाळेत कळलं. तिसरीचा वर्ग होता, पाढे चालू होते, आणि खिडकीतून आमचे हे फाटकाशी सायकल धरून उभे दिसले. कारखान्यातून पाळी सुटली की ते सरळ घरी जातात, शाळेकडे कधी फिरकत नाहीत. मी खडू ठेवून बाहेर गेले. "कर्जतवरनं फोन आलता," ते म्हणाले, आणि पुढचं बोलायच्या आधी उगीचच सायकलची घंटी बोटानं पुसायला लागले... मला कळलं. वर्गात पोरं अजून सातचा पाढा म्हणत होती.

आक्का म्हणजे ह्यांची थोरली बहीण, माझी नणंद. नगरकडच्या कर्जतला बाजारतळाजवळ तिचं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं आणि दुकानामागच्या खोलीत ती एकटी राहायची. लहानपणी सांधेतापानं तिच्या काळजाची झडप अधू झाली होती. चार पायऱ्या चढली की तिला धाप लागायची. लग्न तिनं केलं नाही. "धापा टाकणारी सून कुणाला पायजे?" असं हसून म्हणायची, पण त्या हसण्यात मला कधी कडवटपणा दिसला नाही. घरात सगळ्यांत चांगला कान तिचा, सगळ्यांत जास्त गाणी पाठ तिला, आणि गायला मात्र तिला दम पुरायचा नाही. मी लग्न होऊन आले तेव्हा पहिल्याच आठवड्यात तिनं मला जवळ बसवून गायला लावलं, डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाली, "शालन, आता माझं काम झालं. तू गा, मी वाजवते."

वाजवायला तेव्हा साधी हार्मोनियम होती. लाईटवरची पेटी आली ती नव्वदच्या सुमाराला. तिचा एक मामा मुंबईत ध्वनिमुद्रणाच्या स्टुडिओत कामाला होता. तिथं नवी यंत्रं आली तसा जुना सिंथेसायझर अडगळीत गेला, पट्ट्या तुटलेल्या, आत उंदरांनी तारा कुरतडलेल्या. आक्कानं तो गोधडीत गुंडाळून एसटीनं कर्जतला आणला. बरेच महिने ती दुकान बंद केल्यावर त्याच्या पोटात तोंड घालून बसायची. शेवटी एकदा मी सुट्टीला गेले होते तेव्हा तिनं एक पट्टी दाबली आणि सूर निघाला... जाड, उबदार, थोडा थरथरणारा. ती पट्टीवरून बोट उचलेना. सूर चालूच राहिला. मी म्हटलं, "आक्का, पुरे की आता." तर म्हणाली, "अगं, ऐक तर खरं. ह्याला दम लागत न्हाई."

आमची गाण्याची पार्टी चौघांची. मी गाणार, आक्का वाजवणार, दिवसा शिवणकाम करणारा दिगंबर ढोलकीवर, आणि सामान उचलायला, वायरी जोडायला आमचे हे. जयंतीचे दिवस आले की कर्जत, जामखेड, राहाता, जिथून बोलावणं येईल तिथं आम्ही जायचो. खेडेगावात सिंथेसायझर हा शब्द कुणाच्या तोंडात बसायचा नाही. लोक म्हणायचे, "ती लाईटवरची पेटी घेऊन या बरं का!" पण लोक बघायला जमायचे ते पेटीशेजारच्या टेपमुळे. तो मोठ्या चकत्यांचा स्पूलचा टेपरेकॉर्डर होता. आक्का नगरला रेडिओचं काम शिकत होती तेव्हा तिनं असलंच एक यंत्र मागून आणून आपल्या आईच्या ओव्या भरून घेतल्या होत्या. सासूबाईंना मी पाहिलेलं नाही. मी घरात यायच्या आधीच त्या गेल्या होत्या. मला त्या ठाऊक आहेत त्या फितीतूनच.

आक्कानं त्या फितीचा एक तुकडा कापून दोन्ही टोकं एकमेकांना चिकटवली होती. तो वेढा यंत्रातून निघायचा, पलीकडच्या स्टुलावर ठेवलेल्या सोड्याच्या बाटलीला वळसा घालायचा आणि परत यंत्रात शिरायचा. आधी जात्याची घरघर, मग सासूबाईंची ओवी, परत घरघर, परत ओवी.

लेक चालली शाळंला, ऊन लागतं पायाला
पदराची गं सावली, धाडते मी सोबतीला

त्याच्याखाली आक्का पेटीचा एक लांब सूर धरायची, दिगंबर हळूच ठेका लावायचा आणि मी ओवी संपेल तिथून गाणं उचलायचे. आम्ही तिघं जिवंत माणसं आणि चौथ्या सासूबाई, असं ते गाणं व्हायचं.

जामखेडचा कार्यक्रम मला अजून दिसतो. एप्रिलचं ऊन, मंडपाचा पत्रा तापलेला. उन्हानं ती पेटी बेसूर व्हायची, सूर आपोआप सरकायचे. म्हणून आक्का दुपारपासूनच पेटी चालू करून, सूर स्थिरावायची वाट बघत तिच्यापाशी बसली होती आणि पुठ्ठ्यानं तिला वारा घालत होती. स्वतःचा चेहरा घामानं डबडबलेला! संध्याकाळी कार्यक्रम सुरू झाला आणि वीज गेली. मंडळानं जनरेटर लावला. गाणं रंगात आलं आणि जनरेटरचा जोर कमी व्हायला लागला. फीत हळू फिरू लागली. सासूबाईंचा आवाज जड होत होत पुरुषासारखा झाला. पुढं बसलेली पोरं फिदीफिदी हसायला लागली. मी आक्काकडे बघितलं. तिनं टेप बंद केला नाही. तिनं डावा हात पेटीच्या सुराच्या बटनावर ठेवला आणि आई जशी खाली जात होती तसा पेटीचा सूर खाली, आणखी खाली नेत राहिली. डोळ्यांनीच मला म्हणाली, ये. मीही खाली उतरले. इतक्या खालच्या पट्टीत मी कधी गायले नव्हते. गळ्यातून नाही, पोटातूनच काहीतरी निघत होतं. पोरांचं हसू थांबलं. मंडपात नुसती जात्याची घरघर राहिली, सावकाश, दमलेली, दिवसभर राबून आलेल्या बाईसारखी...

कार्यक्रम संपल्यावर एक म्हातारी काठी टेकत आली. "ती दळनारी बाई कुठं बसीवलीय? बोलवा की तिला भाईर. दोन घास खाऊ द्या," म्हणाली. आक्का खाली वाकून तिला म्हणाली, "आजी, माझी आई हाय ती. न्हाई आता. ह्या फितीतच हाय." म्हातारी बराच वेळ टेपकडे बघत राहिली. मग तिनं यंत्रावरून हात फिरवला आणि कानशिलावर बोटं मोडली.

पण फीत झिजत होती. प्रत्येक कार्यक्रमानंतर आक्का पांढऱ्या फडक्यानं यंत्र पुसायची आणि फडक्यावर तपकिरी भुकटी यायची. एका मे महिन्यात आम्ही कर्जतला होतो तेव्हा ह्यांनी ते फडकं पाहिलं. "आक्का, ही झिजतीय. हिची कॉपी कर आन् ही ठेवून दे."

"कॉपी केलीय की. तिच्यात नुसती खरखर हाय. आईचा श्वास येत न्हाई त्यात."

"मग वाजवू नको. संपली तर काय करशील?"

"ठेवून तरी काय करू? जन्मभर उंबऱ्याच्या आत हुती ती. आता कुठं गावोगाव फिरतीय."

ह्यांनी फडक्यावरची भुकटी बोटाला लावून बघितली. मग म्हणाले, "ती माझीबी आई हाय, आक्का."

दोघांचंही खरं होतं. त्या दिवसापासून हे कार्यक्रमाला यायचे थांबले. बहीणभाऊ एकमेकांशी बोलायचे, विचारपूस करायचे, पण त्या विषयाला कुणी हात लावायचं नाही. सामान मी आणि दिगंबर उचलायचो.

पुढच्या वर्षी कार्यक्रम राहात्यातच होता, आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर. हे येणार नाहीत असं मी धरून चालले होते. पण गाणं सुरू झालं तेव्हा ते मला सगळ्यांच्या मागं, पानटपरीपाशी उभे दिसले. त्या दिवशी ओवी नेहमीपेक्षा जास्त वेळा फिरली. बाया ऐकत होत्या म्हणून आक्कानंही फिरू दिली. आणि मध्येच फट् आवाज होऊन फीत तुटली. बाटली स्टुलावरून गडगडत खाली गेली. मी ह्यांच्याकडे बघितलं, आणि मला पुढचं गाणं आठवेना. आक्काचं बोट मात्र पट्टीवर तसंच होतं. सूर चालू होता. ती थांबली नाही, कुणाकडे बघितलंही नाही, वाट बघितल्यासारखी बसून राहिली. आणि मग पुढं सतरंजीवर बसलेल्या बायांतून एकीनं धरलं, "लेक चालली शाळंला..." दुसरीनं उचललं. इतका वेळ ऐकून ऐकून त्यांना ओवी पाठ झाली होती. बघता बघता सगळ्या बाया गाऊ लागल्या, सासूबाईंच्याच चालीत, त्यांनी जिथं श्वास घेतला होता तिथंच श्वास घेत. आक्का त्यांच्याखाली सूर धरून होती आणि तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं.

गर्दी पांगल्यावर हे स्टेजवर आले. खाली पडलेली फीत त्यांनी उचलली, बोटांवर हळूहळू गुंडाळली आणि आक्कापुढं धरली. "चिकटव," म्हणाले, "पुढच्या कार्यक्रमाला लागंल."

ते पुढचे कार्यक्रम फार झाले नाहीत. दशक संपत आलं तसे ठेके आधीच भरलेले नवे कीबोर्ड आले आणि मंडळं तेच मागू लागली. आक्काला त्याचा राग नव्हता. असा एक कीबोर्ड तिनं कौतुकानं वाजवूनही बघितला होता. "चांगला हाय की," म्हणाली, "पन सगळं आधीच ठरल्यागत वाटतं." कार्यक्रम थांबायचं खरं कारण तिची धाप होती. नगरच्या डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं. ती म्हणायची, उन्हाळा जाऊ दे, मग म्हणायची, थंडी जाऊ दे... आमची शेवटची भेट दिवाळीच्या सुट्टीतली. तिला आडवं होता येत नव्हतं, उशांना टेकून बसली होती. "गा," म्हणाली. मी हळू, खालच्या सुरात सुरू केलं. तिनं हात वर केला. "वर घे, शालन. माझ्यासाठी खाली गाऊ नको."

गेल्या रविवारी आम्ही तिची खोली आवरायला गेलो. पेटी राहात्याला न्यायची म्हणून ह्यांनी टेम्पो सांगितला होता. बांधायच्या आधी चालते का बघावं म्हणून त्यांनी बटन दाबलं. आम्ही दोघं खाटेवर बसून ती तापायची वाट बघत राहिलो. मग त्यांनी भीतभीत एक पट्टी दाबली. मी कितीतरी वर्षं त्या पेटीबरोबर गायले, पण तो आवाज मी कधी ऐकला नव्हता. शून्यातून सावकाश वर यायचा, भरून राहायचा, ओसरायचा, परत यायचा. झोपलेल्या माणसाजवळ बसल्यावर त्याचा श्वास ऐकू यावा तसा.

"हे कधी वाजवलं तिनं?" ह्यांनी विचारलं.

"आपल्यासमोर न्हाई," मी म्हटलं.

त्या पेटीला आवाज लक्षात ठेवता येत नाही. नव्या कीबोर्डात आवाज भरलेले असतात, हिच्यात जो आवाज आहे तो बटनं जिथं फिरवून ठेवली तिथं आहे. एक बटन हललं तरी तो गेला, आणि परत लावणारं आता कुणी नाही. शेवटच्या दिवसांत एकटीनं बसून आक्कानं ती बटनं लावली होती, आणि तशीच सोडून ती गेली.

ह्यांनी पट्टीवरून बोट उचललं आणि बाहेर गेले. टेम्पोवाल्याला सांगितलेलं मला आतून ऐकू आलं, "परत जावा भाऊ. न्यायचं काय न्हाई." नगरपर्यंतचे खड्डे तुम्हाला माहीतच आहेत, पहिल्याच धक्क्याला बटनं हलली असती.

खोलीला आम्ही कुलूप लावलं. पुढच्या महिन्यात परत जाऊ तेव्हा पेटीवर धूळ बसलेली असेल. पट्ट्या पुसायच्या, झाकण पुसायचं, पण बटनांच्या आजूबाजूची धूळ तशीच राहू द्यायची, असं आमचं ठरलंय.