साहेबांच्या बोटाचा चुना

पुंडलिकनगरच्या शाळेत मी तात्पुरती विज्ञानाची बाई होते. मला कायम करायचं की घरी बसवायचं, हे तपासणीला येणाऱ्या साहेबांच्या शेऱ्यावर होतं. आणि नेमका तपासणीच्याच आठवड्यात शाळेतला लिटमस कागद संपला. विद्यापीठाच्या नामांतरावरून शहर बंद, दुकानांची शटरं खाली. वर्गातल्या निम्म्या पोरांचे वडील चिकलठाण्याच्या कंपन्यांत ॲसिडची पिंपं हाताळायचे, आणि माझ्याकडं आम्ल ओळखायला कागदाचा कपटा नव्हता.

मग मी घरची हळद कालवली, त्यात कोरे कागद बुडवले आणि दोरीवर वाळत घातले. लिंबाच्या रसात हा कागद पिवळाच राहतो, सोड्याच्या पाण्यात लाल होतो. म्हणजे हळद लाल झाली की पदार्थ आम्लारी. पोरांना हे दोन दिवसांत पाठ झालं. मी स्वतःवर भलतीच खूश होते.

साहेब आले ते गालात पान घेऊन. मी कागद सोड्यात बुडवला, तो लाल झाला.

“आम्ल,” साहेब म्हणाले. “लाल म्हणजे आम्ल. आम्हीपण शाळेत लिटमस शिकलोय, बाई.”

त्यांनी एक पिवळा कागद उचलला. त्यांचं बोट लागलं तिथं तोही लाल झाला. साहेब घाबरून बोटाकडं बघायला लागले. “माझ्या बोटाला ॲसिड कुठून आलं?”

शाळेच्या शिपाई मावशी फुलंब्रीकडच्या. त्या चहा घेऊन आल्या होत्या, त्यांना राहवलं नाही.

“ॲसिड नाय, सायब. पानाचा चुना हाय बोटाला. हळदीला चुना लागला की कुंकू व्हतंय. आमच्याकडं समद्या बायांना ठाव हाय.”

वर्ग खदखदून हसला. साहेब हसले नाहीत. ते माझ्याकडं वळले. “तुमचं काय म्हणणं, बाई?”

मला उत्तर येत होतं. मी म्हणाले, “साहेब म्हणतात तेच बरोबर.”

मावशींनी चहा टेबलावर ठेवला आणि त्या निघून गेल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

महिन्याभरात कायमची ऑर्डर आली. पुढं सहामाहीच्या पेपरात एका मुलीनं लिहिलं होतं, ‘हळद लाल झाली तर पदार्थ आम्लारी असतो. साहेब आले असतील तर आम्ल असतो.’

मी तिला पूर्ण गुण दिले. बरेच दिवस वर्गात तिच्या बाकाकडं बघायचं मात्र टाळलं.