ताईच्या चेहऱ्यावरचा पांढरा डाग

“फोटोग्राफर प्यायलेला होता, म्हणून ताईच्या एकमेव फोटोत चेहऱ्याच्या जागी पांढरा डाग आला,” असे आमचे नातेवाईक आजही सांगतात. हे साफ खोटे आहे. मुलुंडमधल्या तिच्या वरातीत तो अनोळखी फोटोग्राफर प्रत्येक फोटोच्या वेळी डोक्यावरची टोपी काढून कॅमेऱ्याच्या भिंगावर सावली धरीत होता. ताईसमोर येताच तो ओरडला, “ओ भाऊ, बत्ती मागे घ्या ना! उजेड थेट भिंगात शिरला, तर चेहराच पुसला जाईल.” गॅसबत्ती मागे गेली नाही, ताई उजळ दिसावी म्हणून ती आणखी पुढे आली. वर्षभरात ताई बाळंतपणात गेली. त्या माणसाला दोष देणाऱ्यांनी एवढेच ऐकावे: ती बत्ती मी धरली होती.