मेंढीचे वरचे दात

ही गोष्ट मी वर्षानुवर्षं कुणाला सांगितली नाही, घरी तर अजूनही नाही. सतरा वर्षांपूर्वी सोलापुरात, शाळाशाळांमधल्या सामान्यज्ञान स्पर्धेच्या अंतिम फेरीत, मी अकरा वर्षांच्या एका मुलीचं बरोबर उत्तर चूक ठरवलं. ते बरोबर होतं हे मला दुसऱ्याच दिवशी कळलं. तरी मी गप्प बसलो. गेल्या नोव्हेंबरात एका शनिवारी सकाळी सांगोल्याच्या एसटीत बसलो, ते या एका कामासाठी. घरी सांगितलं, डाळिंबाच्या बागा बघून येतो.

मी शास्त्र शिकवतो. गप्पा मारणं मला कधी जमलं नाही, माहिती सांगणं जमतं. चार माणसांत बसलो आणि शांतता पसरली, की मी म्हणतो, ऑक्टोपसला तीन हृदयं असतात, माहीत आहे का? किंवा, १९३०च्या मे महिन्यात आपलं सोलापूर तीन-चार दिवस इंग्रजांच्या हातात नव्हतं. लोक म्हणतात, "अरे वा." मग तेच बोलायला लागतात आणि मला माझ्याविषयी काही बोलावं लागत नाही. याच गुणामुळे स्पर्धेचा माइक माझ्याकडे आला आणि तो आजही माझ्याचकडे आहे.

प्रश्न मीच काढायचो. त्या वर्षीचा शेवटचा प्रश्न होता, मेंढीला पुढचे दात किती असतात? एका पुस्तकात 'खालच्या जबड्यात पुढे आठ' एवढं वाचलं होतं. खाली आठ तर वरही आठ, असं मी मनानेच धरलं आणि कार्डावर सोळा लिहून टाकलं. अंतिम फेरीत सांगोला तालुक्यातल्या एका वाडीवरची मुलगी होती. नाव मायाक्का, मेंढपाळाची. तिने जराही न अडखळता सांगितलं, "आठ. खालीच असत्यात. वर न्हाईत."

मी कार्ड पाहिलं आणि माइकवरून म्हणालो, "अगं, मेंढ्या राखतेस आणि त्यांचे दात मोजले नाहीस?" सभागृह हसलं. ते हसणं मला आवडलं, म्हणून आणखी एक वाक्य टाकलं, "की तुमची मेंढी म्हातारी झालीय?" पुन्हा हसले. मागच्या रांगेत तिचे वडील मांडीवर घोंगडं घेऊन बसले होते. सगळे हसताहेत म्हणून तेही हसले. सोळा हे उत्तर मी जाहीर केलं आणि बक्षीस दुसऱ्या शाळेला गेलं.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. मटण आणायला गेलो. दुकानाच्या ओट्यावर मुंडी ठेवली होती, ओठ जरा उचललेला. वरच्या बाजूला पुढे एकही दात नव्हता, नुसती फिकट हिरडी. मी विचारलं, याचे दात कुठे गेले? दुकानदार सुरी पुसत म्हणाला, "सर, इत्ते सालां से खा रे, कभी मू खोल को नै देखे? उपर के सामने के दात होतेच नै. बकरा हो, मेंढा हो."

घरी येऊन मी ते मटण खाल्लं. सोमवारी शाळेत गेलो.

गेल्या दिवाळीनंतर कपाट आवरताना त्या वर्षीची गुणांची वही सापडली. तिचं नाव, वडिलांचं नाव बिराप्पा, वाडीचं नाव आणि शेवटच्या रकान्यात माझ्या हातचं लाल शून्य. म्हणून निघालो.

गाडी मंगळवेढ्याकडे निघाली तसं दोन्ही बाजूंना ज्वारी दिसू लागली, गुडघाभर, काळ्या रानात एकसारखी. शेजारी एक आजी बसल्या होत्या. मांडीवर शेंगाचटणीचा डबा, लेकीकडे निघालेल्या. त्यांनी विचारलं, "कुटं निघाला?" मी म्हणालो, सांगोल्याकडे. "काय काम काढलं?" यावर खरं सांगायचं नव्हतं, म्हणून सवयीने म्हणालो, "आजी, शहामृगाचा डोळा त्याच्या मेंदूपेक्षा मोठा असतो, ठाऊक आहे?"

आजी थोडा वेळ विचारात पडल्या. "आमच्या जावयाचं तसंच हाय," त्या म्हणाल्या. "सगळं दिसतंय त्याला, कळत काय न्हाय." मग जावयाचं पुराण मंगळवेढ्यापर्यंत पुरलं. स्टँडवर गाडी थांबली तेव्हा त्यांनी धपाट्यावर (ज्वारीचं पीठ आणि तिखट मिसळून थापलेली भाकरीसारखी पोळी) चटणी घालून माझ्या हातात दिली. उतरताना म्हणाल्या, "काम काय ते सांगितलं न्हाईच की तुमी." मी हसलो. असं हसून मी पुष्कळ गोष्टी टाळल्या आहेत.

मंगळवेढा सोडलं की काळी जमीन हळूहळू विटते. माळ लागतो, बाभळी, ठेंगणी झुडपं आणि मध्येच तारेच्या कुंपणात डाळिंबाची हिरवी चौकट. खिडकीशी बसून मी काय बोलायचं ते मनात जुळवत होतो. 'नुकतंच एका पुस्तकात वाचनात आलं आणि मनाला फार लागलं.' वाक्य चांगलं वाटत होतं. सांगोल्यात गाडी बदलेपर्यंत पाठ झालं होतं.

पुढच्या गाडीच्या कंडक्टरने मला एक फाटा आधीच उतरवलं. ऊन चढलेलं, रस्त्यावर कुणी नाही. मैलभर चाललो आणि चपलेचा अंगठा तुटला. ती हातात घेऊन उभा होतो तेव्हा दुधाचे कॅन लावलेली एक मोटरसायकल थांबली.

"कुनाकडं जायचं?"

"बिराप्पांकडे. मेंढ्या आहेत त्यांच्या. मायाक्काचे वडील."

"डॉक्टरीणबाईकडं व्हय? बसा, कॅनला धरून बसा."

"डॉक्टरीण?"

"शेळ्यामेंढ्यांची. पशुसखी हाय ती. लस टोचती, जंताचं औषध देती. आमच्या शेळीचं अडलेलं करडू तिनंच सोडवलं." जरा पुढे गेल्यावर त्याने विचारलं, "तुमी काय, बँकेचं का?"

मेंढीच्या डोळ्याची बाहुली आडवी असते, हे माझ्या ओठावर आलं होतं. गिळलं. म्हणालो, "शिक्षक आहे. तिची माफी मागायची आहे." हे मी पहिल्यांदाच कुणाजवळ बोललो, आणि तेही एका पाठीशी. तो खड्डे चुकवत राहिला.

बिराप्पांचं घर पत्र्याचं. पुढे शेवग्याचं झाड, झाडाखाली बाजेवर ते बसलेले. शेजारी वाघर (मेंढ्या कोंडायची दोऱ्यांची जाळी) लावून पाच-सहा मेंढ्या आणि दोन कोकरं ठेवली होती. आता मोठा कळप नाही, ते म्हणाले, पाय चालत नाहीत. मी नाव सांगितलं. सोलापूर म्हणालो. त्यांनी मान वर केली. डोळ्यांत धूसरपणा होता.

"दातवालं मास्तर," ते म्हणाले. "आवाज वळखला. भोंग्यातनं येत हुता त्यो आवाज." रागाने नव्हे, सोयरा ओळखावा तसं. "पोरगी टोचायला गेलीय वस्तीवर. येतीय. च्या घ्या."

चहा त्यांनी स्वतः चुलीवर केला. मला बाजेवर बसवून आपण खाली दगडावर बसले. मी म्हणालो, तात्या, वर बसा. तर म्हणाले, तुमी मास्तर हाय.

मायाक्का आली ती स्कूटीवर, खांद्याला लशीचा गार डबा. उंच, सावळी, बोलायला सडेतोड. मला क्षणभर निरखलं आणि म्हणाली, "सर, तुमी? इतक्या लांब?" मी म्हणालो, "तुमचं उत्तर बरोबर होतं. ते सांगायला आलो." सभागृहात तिला अगं म्हणालो होतो. आता तोंडातून 'तुम्ही' आलं.

ती मोकळेपणाने हसली. "आवो, ते मला कवाच कळलं. ट्रेनिंगला डॉक्टरांनी जबडा दावला, चित्र दावलं, वर पुढं दात न्हाईत. म्हनलं, बुकातबी तसंच हाय की. तवर मला वाटायचं, आमच्या मेंढ्या गावठी, बुकातल्या मेंढ्यांना आसतील सोळा."

"मीबी तसंच धरलं व्हतं," बिराप्पा म्हणाले. "म्हनलं, इलायती मेंढी आसंल."

मायाक्काने वाघरीतून एक मेंढी ओढून आणली, गुडघ्यात दाबली आणि ओठ उचलला. "घाला बोट. आलाय तर बगून जावा." मी बोट घातलं. वरची हिरडी ओली आणि इतकी टणक की चपलेच्या तळव्यावर बोट फिरवतोय असं वाटलं. खाली सहा मोठे दात आणि कडेला दोन बारके. "ही सहादाती," ती म्हणाली. "कडंचं दोन अजून दुधाचं. ते बदललं की जुळली म्हनायचं. वय दातावरच मोजतो आमी. तुमचं काय, दाखल्यावर."

बिराप्पा हसले, मीही हसलो. जेवण झालं. ज्वारीची भाकरी, मिरचीचा ठेचा, मेंढीच्या दुधाचं घट्ट दही. तिने दोनदा भाकरी वाढली. मला वाटायला लागलं, झालं. एवढ्यावर मिटलं. आता उठावं आणि चारची गाडी गाठावी.

ती ताटं उचलत होती. सहज विचारावं तसं तिने विचारलं, "चुकतं मानूस. तुमाला कवा कळलं पर?"

पाठ केलेलं वाक्य जिभेवर तयार होतं. नुकतंच एका पुस्तकात. ते म्हटलं असतं तर ती म्हणाली असती, जाऊ द्या सर, आणि फाट्यावर सोडायला आली असती. मी तिच्या हाताकडे बघितलं, उष्ट्या ताटांकडे बघितलं.

"दुसऱ्या दिवशी," मी म्हणालो.

"कशाच्या?"

"स्पर्धेच्या. दुसऱ्या दिवशी सकाळी. मटणाच्या दुकानात."

तिने ताटं खाली ठेवली. मेंढ्यांच्या चघळण्याचा आवाज तेवढा येत होता. बिराप्पांनी आधी तिच्याकडे, मग माझ्या आवाजाच्या दिशेने पाहिलं. "म्हंजी?"

"म्हंजी तात्या, ह्यांना म्हाइत व्हतं. सतरा वर्सं."

बिराप्पा मग बोलले ते माझ्याशी नव्हे, जमिनीशी बोलावं तसे. "त्या दिशी एष्टीत मी हिला म्हनलो, घरचं शाळंत सांगू नगंस बाई. तितं येगळं असतंय. दहावीपतुर पोरीनं हात वर केला न्हाई. मास्तरीण घरी येऊन म्हनायची, हिला येतंय पर बोलत न्हाई. मी म्हनायचो, आमचंच चुकलंय, आमीच खोटं शिकिवलं."

मी म्हणालो, "तात्या, माफ करा." इतक्या वर्षांचं जमवलेलं बोलणं एवढंच निघालं.

"मी काय माफ करायचं," ते म्हणाले. "तुमी माझ्यापेक्षा शिकलेलं."

मायाक्का उंबऱ्यावर बसली. "सर, मला हितं सांगून उपेग न्हाई. मला म्हाइत हाय. तात्यांना आत्ता कळलं. पर तितं हॉल भरून मानसं हसली. त्यातली पोरं आज मोठी झाली, कुनी मास्तर झाली आसतील. त्यांच्या डोक्यात मेंढीला सोळा दात हाईत आन् एक धनगराची पोरगी येडी हाय. त्यांना कोन सांगनार?"

"मी सांगतो. डिसेंबरात स्पर्धा आहे. तिथूनच सांगतो."

"सांगा," ती म्हणाली. त्या शब्दात विश्वास नव्हता, अविश्वासही नव्हता.

तिला दुसऱ्या वस्तीवर जायचंच होतं, म्हणून फाट्यापर्यंत मला घेऊन गेली. गाडी आल्यावर एवढंच म्हणाली, "चप्पल सांगोल्यात शिवून घ्या, स्टँडच्या मागं बसतोय एक." मी शिवून घेतली. अंधार पडायच्या सुमाराला सोलापुरात पोचलो. घरी विचारलं, कशा होत्या बागा? मी म्हणालो, छान. डाळिंबाच्या आत पांढऱ्या पडद्याचे कप्पे असतात, त्याविषयी थोडं सांगितलंही.

डिसेंबरात स्पर्धा झाली. तेच सभागृह, खुर्च्या नव्या. मायाक्काला मी तारीख कळवली नव्हती. शेवटच्या फेरीआधी बोलायचं असं ठरवून गेलो होतो, कागदावर चार ओळी लिहूनही नेल्या होत्या. समोर मुलं होती, त्यांचे आईबाप होते. मी माइक हातात घेतला आणि म्हणालो, "ऑक्टोपसला किती हृदयं असतात?" शंभर हात वर झाले. त्यांतल्या एका मुलाने सांगितलं, तीन. मी शाबास म्हणालो. बक्षीस वाटलं, फोटो झाले, चहा झाला. कागद खिशातच राहिला.

लिहून सांगणं मला त्यामानाने सोपं गेलं, म्हणून हे लिहिलं आहे. पण यामुळे देणं फिटत नाही. मायाक्काचं उत्तर बरोबर होतं, आणि ते मला दुसऱ्या दिवसापासून माहीत होतं. हे मला त्या सभागृहात, त्या माइकवरून, बिराप्पा समोर बसलेले असताना बोलायचं आहे. ते मी अजून बोललेलो नाही.