बरबटीच्या सहा टिक्क्या

मी अंगणवाडीत आहे. दुसऱ्यांच्या लेकरांनी काय खावं हे सांगण्याचे मला पैसे मिळतात, आणि माझी स्वतःची पोरगी काही म्हणता काही खायची नाही. हे अख्ख्या गावाला माहीत होतं. वजनाच्या दिवशी कोणाची तरी सासू हमखास विचारायची, "मॅडम, तुमच्या पोरीचं किती भरलं?" मी हसून टाळायची आणि तो राग घरी आणून पोरीवर काढायची.

पोरगी तेव्हा सात वर्षांची, दुसरीत. खांद्याची हाडं फ्रॉकमधून दिसायची. शाळेतल्या तपासणीत डॉक्टरनं रक्त कमी आहे असं लिहून दिलं, आणि तो कागद मी रोज काढून वाचायची. ताप आला तरी वाटायचं, झालं, आता ही जाते. मी घरी यायची पाच वाजता. सात वाजले की ती जेवताजेवता डुलायला लागायची. म्हणजे माझ्याकडे दोन तास, त्यातच घागरी, झाडझूड, गाईचं पाणी. जे करायचं ते झटपट. वरणफळं केली, तर तिनं फळं बाजूला सारून वरण तेवढं पिलं. मेथी कणकेत मळली, तर बसल्या बसल्या नखानं एकेक पान वेचून ताटाच्या काठाला लावलं. अंड्याचा वास येते म्हणे. दुधावर साय आली म्हणे. पाच रुपयांचं चिप्सचं पाकीट मात्र बाईसाहेबांना कधी वास मारत नव्हतं.

मी मारत नव्हते असं लिहिणार नाही. पाठीत धपाटा घालायची, गालात द्यायची. ताट संपल्याशिवाय उठू द्यायची नाही. "खा, नाही तर पाहाच" हे वाक्य आमच्या घरात रोज संध्याकाळी ऐकू यायचं. नवरा म्हणायचा, "काहून मारतं तिले? भूक लागली का खाईन ते." मी म्हणायची, "तुम्हाले काय जाते म्हणायले, तुम्ही तिचं वजन पाह्यलं का?" भीतीपोटी मारत होते मी, पण मार तो मारच.

आमच्याकडे कपाशीत मधे मधे तुरीची एकेक ओळ असते. त्या तुरीच्या ओळीत मी घरापुरती बरबटी, म्हणजे चवळी, आणि अंबाडी टोचते. सगळ्याच बाया तसं करतात. कपाशी नवऱ्याची, भाजी माझी. फक्त फवारणीचं सांभाळावं लागतं. त्या दिवसांत आजूबाजूच्या गावांतला कोणी ना कोणी फवारताना चक्कर येऊन दवाखान्यात असतोच. म्हणून मीच घरात कायदा केला होता. ज्या बाजूला फवारलं, त्या बाजूच्या पहिल्या तुरीला नवऱ्यानं माझ्या जुन्या साडीची चिंधी बांधायची. चिंधी आहे तोवर तिकडच्या भाजीला हात लावायचा नाही. आठ दिवस झाले की जो आधी जाईल त्यानं ती सोडायची.

पोळा होऊन दहा-बारा दिवस झाले असतील. त्या दिवशी मी चार वाजताच सुटले आणि वावरात गेले. चिंधी होती. मी दिवस मोजले. मागच्या मंगळवारी बांधलेली, आज बुधवार. आठ दिवस भरले. मी चिंधी सोडली, कमरेला खोचली आणि ओटीभर शेंगा तोडल्या. कोवळ्या, करंगळीएवढ्या जाड. औषधाचा वास येत होता, पण त्या महिन्यात तो सगळ्या शिवारालाच येतो, त्याचं कोणी मनावर घेत नाही.

घरी येऊन शेंगा धुतल्या, अगदी बारीक चिरल्या, कुकरमध्ये मुगाच्या डाळीबरोबर एक शिटी दिली. त्यात उकडलेला बटाटा, ज्वारीचं पीठ, जिरं, मीठ. हातावर थापून तव्यावर थोड्या तेलात लाल केल्या. वीस मिनिटंही लागली नसतील. हिरवं काही दिसू नये इतकं मी ते कुस्करलं होतं. मीठ बघायला एक कण जिभेवर ठेवला. पोरीच्या ताटात सहा टिक्क्या वाढल्या, बाजूला गुळाची चटणी, आणि म्हटलं, "ह्या सहाच्या सहा गेल्या पाहिजेत. आज एक उरली तर गाठ तुझ्या आईशी आहे." तेवढ्यात फोन वाजला. सुपरवायझर मॅडमना वजनांचे आकडे आत्ताच्या आत्ता हवे होते. मी ओसरीवर रजिस्टर घेऊन बसले आणि एकेक लेकरू वाचून दाखवत राहिले.

आत आले तर ताट चाटूनपुसून साफ. चटणीसुद्धा नव्हती.

मला रडूच आलं. "खाल्ल्या सगळ्या?" तिनं मान हलवली. मी तिच्या गालाचा मुका घेतला, कित्येक दिवसांनी घेतला असेल. रिकाम्या ताटाचा फोटो काढला आणि कृती लिहून अंगणवाडीच्या आयांच्या ग्रुपवर टाकला. बघा म्हटलं, माझ्याही पोरीनं खाल्लं. पटापट अंगठे आले. एकीनं लिहिलं, मॅडम तुम्ही ग्रेट.

सव्वासहाला नवरा आला. मोरीवर साबणानं हात घासत होता, तेव्हा त्याची नजर टोपलीतल्या उरलेल्या शेंगांवर गेली.

"ह्या शेंगा कुठच्या?"

"आपल्याच. कोणाच्या राहीन?"

"कोणत्या बाजूच्या?"

"नाल्याकडच्या. आठ दिवस झाले ना, चिंधी सोडली मी."

तो साबणाच्या हातानंच उभा राहिला. "अवं, आज सकाळी पुन्हा मारलं ना मी तिकडे. मावा दिसला म्हणून. चिंधी होतीच बांधलेली, तर दुसरी काय बांधू म्हटलं."

मी काय बोलले ते आठवत नाही. चुलीजवळच्या भिंतीला धरून मी फक्त पोरीकडे बघत होते. ती खाटेवर बसून चित्र रंगवत होती. तिची लाळ गळतेय का, डोळे कसे आहेत, हात थरथरतात का. ट्रेनिंगमध्ये शिकवलेलं सगळं एकदम डोक्यात आलं आणि एकही धड आठवेना. माझ्याच जिभेवर कडू लागायला लागलं. एका कणानं मला असं होतंय, तर हिच्या पोटात सहा आहेत. तीस किलोची असती तर गोष्ट वेगळी, ही सतराची.

गाडीवर तिला मधे घेतलं. नवरा खड्डे बघत नव्हता. वाटेतलं बोरी अरब गाव मागे पडेपर्यंत मी तिला दर मिनिटाला विचारत होते, "पोटात दुखते का? मळमळते का?" ती नाही म्हणायची. अंग थोडं कापत होतं तिचं. मला वाटलं, लागलं, औषध लागलं. मी जन्मात इतकी घाबरले नव्हते, तिच्या जन्माच्या वेळीही नाही. किती नवस बोलले त्याची गिनती नाही. आणि मधेच, खोटं कशाला बोलू, असंही मनात आलं की रोजच्यासारखं हिनं आजही ताट सारलं असतं तर काय बिघडलं असतं.

तालुक्याच्या दवाखान्यात डॉक्टर तरुण होते, शांत होते. औषधाची बाटली नवऱ्यानं बरोबर आणली होती, ती त्यांनी वाचली. तिच्या डोळ्यांत बॅटरी मारली, नाडी धरली.

"बाळा, किती टिक्क्या खाल्ल्या?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. "सहा."

"नीट आठवून सांग. थोड्या टाकल्या असतील तरी सांग. कोणी रागावणार नाही."

"सहा. संपवल्या."

"साहेब, ताट पाह्यलं मी," मी म्हणाले. फोटो काढून दाखवलासुद्धा.

डॉक्टर म्हणाले, आत्ता लक्षणं दिसत नाहीत, पण एवढं पोटात गेलं असेल तर वाट बघण्यात अर्थ नाही. नाकातून नळी घालून पोट धुवून काढू. नर्सनं नळी आणली. पोरीनं ती नळी बघितली, तिचे ओठ पांढरे पडले, पण ती बोलली नाही. आम्हाला पडद्याबाहेर उभं केलं.

पडदा तो पडदाच, आतलं सगळं ऐकू येत होतं. नर्स म्हणाली, "घाबरू नोको, नळी घातली का गिळत राहाय." मग माझ्या पोरीचा आवाज, अगदी बारीक.

"ताई, मी नाही खाल्ल्या. दप्तरात हायेत. आईले नोका सांगू. आई मारते मले."

नवऱ्यानं माझ्याकडे पाहिलं नाही. त्यानं शेजारच्या काकूंना फोन लावला, दप्तर उघडायला सांगितलं. काकूंचा आवाज मोठा, मला इथपर्यंत आला. "हाव, हायेत. वहीच्या कागदात गुंडाळेल हायेत. सहाच्या सहा हायेत. खाली अजून हाय बापा, वाळलेले भाकरीचे तुकडे, किती दिवसाचे हायेत कोण जाणे."

डॉक्टरांनी तरी तासभर बसवून ठेवलं, पुन्हा डोळे तपासले आणि घेऊन जा म्हणाले. नर्स पडदा सारून तिला बाहेर घेऊन आली. पोरगी पोट धुवायच्या नळीला तोंड द्यायला तयार होती, पण माझ्यासमोर खरं बोलायला नाही. मला तिला फक्त जवळ घ्यायचं होतं. मी तिच्याकडे हात केला, आणि तिनं दोन्ही हातांनी डोकं झाकून घेतलं.