पॅनेलवरच्या कुरडया

भोपाळला आमच्या कारखान्याच्या वसाहतीत क्वार्टरना गच्चीचा जिना नाही. म्हणून दर उन्हाळ्यात आम्ही मराठी बायका शाळेच्या गच्चीवर कुरडया घालायचो. सुट्टी लागली की चौकीदार किल्ली माझ्याकडे आणून द्यायचा. कुणी नागपूरची, कुणी ग्वाल्हेरची, कुणी इंदूरची, आणि प्रत्येकीच्या मते बाकीच्यांचा चीक कच्चा. भांडणं व्हायची, कुरडयाही वाळायच्या. मग नवरे निवृत्त झाले तशा एकेक जणी मुलांकडे गेल्या. शेवटची मैत्रीण लेकीकडे कोटरा सुल्तानाबादला गेली. भोपाळातच आहे, पण तिचे गुडघे गेले आणि माझेही. आमचे हे तर त्याआधीच गेले होते. उरले मी एकटी, भाड्यानं ठेवून घेतलेल्या क्वार्टरमध्ये.

मुलगा पुण्याहून म्हणतो, "आई, कुरडया दुकानात मिळतात." मिळतात की! मला काय कुरडयांची भूक होती? सकाळी उठून कुठेतरी जायला हवं होतं, एवढंच.

गेल्या वर्षी शाळेवर सोलर पॅनेल बसली. मी चिकाचं पातेलं घेऊन एकेक पायरी करत वर गेले, तर गच्चीवर पाय ठेवायला जागा नाही. मला रडूच आलं. मग हात लावून पाहिला. पॅनेल तव्यासारखं तापलेलं, आणि माझ्या कमरेच्या उंचीवर. खाली बसायलाच नको. जुनं धोतर भिजवून चिमट्यांनी पॅनेलच्या कडांना लावलं आणि वर कुरडया घातल्या. इतक्या वर्षांत सरकारनं पहिल्यांदाच माझ्या गुडघ्यांचा विचार केला, असं मला मनापासून वाटलं.

पाचव्या दिवशी चौकीदाराबरोबर एक तरुण इंजिनिअर वर आला. चोराच्या मनात चांदणं. मी सोऱ्या पदराआड लपवला.

"आंटीजी, ये क्या है?"

"कुरडई. शाम तक सूख जाएगी."

त्यानं कपाळाला हात लावला. एम. पी. नगरातल्या त्याच्या ऑफिसात फोनवर सगळं दिसतं म्हणे. या कोपऱ्यातली वीज रोज नऊ वाजता एकदम कमी व्हायची.

"चार दिन से देख रहे हैं," तो म्हणाला, "रोज़ नौ बजे यहाँ कुछ होता है."

चार दिवस! मी नऊ वाजता आले की नाही, हे चार दिवस कुणाला तरी कळत होतं, आणि मला त्याचा पत्ताच नव्हता. सांगायला लाज वाटते, पण मला बरं वाटलं. त्याला वाटीत गरम चीक दिला. त्यानं वाटी चाटूनपुसून खाल्ली आणि मग किल्ली मागितली. वर करंट आहे, आता कुणीच यायचं नाही. त्याचं बरोबरच होतं. मी कुरडयांसकट धोतर उतरवलं आणि किल्ली दिली.

दुसऱ्या दिवशी नऊ वाजता मी घरीच बसून होते. कुणाच्याही फोनवर काहीच कमी दिसलं नसेल.