वहिनीचं पायमशीन

माझी वहिनी शिवणकाम करते. गल्लीत तिला सगळे टेलरबाई म्हणतात. माणूस दारात आला की ती आधी त्याच्या खांद्यांकडे बघते, मग तोंडाकडे. माझा दादा पंखे, मिक्सर आणि पाण्याचे पंप दुरुस्त करतो. घराच्या पुढच्या खोलीत मधोमध एक पडदा आहे; अलीकडे त्याचं टेबल, पलीकडे तिचं पायाने चालवायचं मशीन. मी वरच्या मजल्यावर राहते, शाळेच्या कचेरीत नोकरी करते, आणि लग्न केलं नाही म्हणून या दोघांच्या भांडणात पंच म्हणून मला कधीही हाक मारली जाते.

वहिनी पडली ती अस्तराच्या कापडाचा गठ्ठा काढताना. स्टूल डुगडुगतं हे तिला माहीत होतं आणि दादालाही माहीत होतं. जगाच्या वस्तू नीट करणाऱ्याच्या घरात वर्षानुवर्षं डुगडुगणारं स्टूल, दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. कापड कापायच्या टेबलाच्या कडेवर पाठ आपटली आणि ती जमिनीवर आली. ओरडली नाही. छताकडे बघत म्हणाली, "माझे पाय कुठे आहेत?"

पाय समोरच होते. दादा तिला उचलायला धावला, पण मी तोवर अँब्युलन्सला फोन लावला होता आणि फोनवरची बाई बजावत होती, की उचलू नका, बसवू नका, पाठ अजिबात वाकू देऊ नका. मी दादाच्या अंगावर खेकसले. तो तिच्या डोक्याशी नुसता बसून राहिला.

हॉस्पिटलमधल्या डॉक्टरांनी आम्हाला सरळ शब्दांत सांगितलं. मोडलाय तो मणका, म्हणजे हाड, ते जुळेल. पण मणक्यांच्या आतून मज्जारज्जू जातो, करंगळीएवढा जाड. मेंदूचे निरोप त्यातून खाली जातात आणि अंगाचे वर येतात. त्याला कमरेच्या जरा वर जबर मार लागलाय, त्यामुळे तिथून खालचे निरोप बंद झालेत. हात चालतील, श्वासाला धोका नाही, डोकं आहे तसंच आहे.

"वायर तुटली की जोडतात," दादा म्हणाला.

"ही जोडता येत नाही."

"मग आपोआप?"

"काहींना थोडंफार परत येतं, तेही बहुतेक सुरुवातीच्या काळात. यांच्या बाबतीत मी तशी आशा दाखवणार नाही."

यातलं दादाने फक्त 'काहींना थोडंफार परत येतं' एवढंच ऐकलं. बाहेर आल्यावर मला हळूच म्हणाला, "जोडणं त्यांना जमत नसेल." मी कपाळावर हात मारला. पण भाऊ माझाच, आमच्या घरात सोयीचं तेवढंच ऐकायची रीत जुनी आहे.

वहिनी चाकाच्या खुर्चीवर बसून घरी आली आणि प्रश्नांची रांग लागली. माणसं भेटायला येतात म्हणजे खरं तर विचारायला येतात. "हाड जुळलं ना, मग पाय का हलत नाहीत?" "मालिश करून बघितलंत का?" "दुसऱ्या कुणाचा मज्जारज्जू बसवता येत नाही का?" एक लांबची मावशी तर वहिनीला ऐकू येत नसल्यासारखी मला विचारत होती, "जेवते ना नीट?" वहिनी म्हणाली, "मावशी, कंबर बसलीय, कान नाही." एरवी ती सगळ्यांना न चिडता उत्तरं द्यायची. हाड वेगळं आणि आतला मज्जारज्जू वेगळा, मालिशने पायाला बरं वाटेल पण निरोप सुरू होणार नाही, आणि नाही, दुसऱ्याचा बसवता येत नाही. मी तिच्या जागी असते तर दाराला कुलूप लावलं असतं.

जे कुणी विचारत नव्हतं ते तिला रोज करावं लागत होतं. लघवीची जाणीव नाही, म्हणून ठरलेल्या वेळी नळी घालायची. बसून बसून कातडी कुजते आणि कळतही नाही, म्हणून खुर्चीच्या हातांवर जोर देऊन सारखं अंग उचलायचं, आणि रात्री छोट्या आरशात पाठीखालची कातडी बघायची. हे सगळं ती शिकली. शिवणाऱ्या बाईला शिस्त शिकवावी लागत नाही.

घरी आल्यावर तिने दादाकडे एकच गोष्ट मागितली. "अहो, माझ्या मशीनला मोटर लावून द्या. हाताने, कोपराने, कशाने तरी चालेल असं करा."

दादाच्या हाताखालून आजवर किती मोटरी गेल्या असतील. त्याला हे काम म्हणजे डाव्या हातचा मळ. तरी तो म्हणाला, "मोटर लावली की पायांना आयतं बसायची सवय लागेल. थोडं थांब. पाय येतील."

"मला पाय नकोत असं म्हणत नाही मी. पण मशीन आधी हवंय."

"थांब म्हटलं ना."

ती थांबली. शाळेचे गणवेश शिवायचा हंगाम आला आणि पलीकडच्या रस्त्यावरच्या टेलरकडे गेला. पडदे घेऊन येणारी बाई दारातूनच "असू दे, तुम्ही आराम करा" म्हणून परत फिरली. आराम करा या दोन शब्दांनी वहिनी जेवढी खचली तेवढी डॉक्टरांच्या बोलण्याने खचली नव्हती. दिवसभर ती पडद्याच्या पलीकडे मशीनशेजारी खुर्ची लावून बसायची आणि मशीनवरची धूळ पुसायची. मला त्या धुळीचा राग यायचा आणि दादाचा त्याहून जास्त. मी त्याला दोनदा सुनावलं. तो म्हणाला, "तुला दुरुस्तीतलं काय कळतं?"

पहिले काही आठवडे तिचे पाय अगदी ढिले होते. मग ते ताठरू लागले, मधेच झटका देऊ लागले. दादाला वाटलं, वीज आली. व्यायाम शिकवायला येणाऱ्या फिजिओथेरपीच्या बाईंना विचारायचं सोडून त्याने स्वतःच उपाय काढला. मशीनला तेल घातलं, बॉबिन भरून दोरा ओवला, कापडाचा तुकडा लावला आणि वहिनीची पावलं पट्ट्यांनी पायडलवर बांधली. "सवयीची जागा आहे," म्हणाला, "पायांना आठवेल." वहिनीने माझ्याकडे बघितलं. मी त्याला थांबवलं नाही, कारण खरं सांगायचं तर मलाही बघायचं होतं.

त्याने तिच्या गुडघ्यावर हात ठेवून पाऊल दाबलं, आणि पाय हलायला लागला. टक टक टक टक, एका लयीत. पायडल हललं, चाक डुललं, सुई खालीवर झाली. दादाने हात काढला तरी पाय थांबेना. तो तसाच बाहेर पळाला आणि गल्लीभर सांगून आला. माणसं जमली. दादा मला म्हणाला, "आता बोल." मी वाकून त्या पायाकडेच बघत होते.

वहिनी मात्र कापडाकडे बघत होती. चाक पुढे जायच्या ऐवजी पुढे-मागे होत होतं, आणि उलटं फिरलं की दोरा गुंततो. तो तसा गुंतला आणि तुटला. लोक गेल्यावर ती मला म्हणाली, "वन्सं, इतकी वर्षं झाली, माझ्या पायाखाली चाक कधी उलटं फिरलंय?"

दुसऱ्या दिवशी फिजिओथेरपीच्या बाई आल्या. दादाने त्यांना मोठ्या थाटात मशीनपाशी नेलं, पावलं परत बांधून दाबून दाखवली. टक टक टक. बाई वाकून बघत राहिल्या आणि वहिनीला म्हणाल्या, "ताई, आता थांबवा."

पाय हलतच राहिला. बाईंनी पट्टा सैल करून पाऊल पायडलवरून उचललं तसा तो थांबला. त्यांनी ते परत खाली टेकवलं, दाब न देता. "आता चालवा."

वहिनीने मशीनची कड दोन्ही हातांनी घट्ट धरली. कपाळावर घाम आला. पाय नुसता पडून होता.

बाई दादाकडे वळल्या. त्या रागावल्या नाहीत, हे मला आवडलं. "मज्जारज्जू खालच्या बाजूला जिवंत आहे," त्या म्हणाल्या. "पाऊल असं ताणलं गेलं की तो आपल्यापुरतं उत्तर देतो आणि पाय हलतो. पण वरचा निरोप त्यात नाही. ताईंना तो सुरू करता येत नाही आणि थांबवताही येत नाही. आणि पावलं बांधू नका. कातडी घासली तर यांना कळणार नाही."

दादा म्हणाला, "पण हलतोय ना?" ते त्याने एकदाच म्हटलं, आणि तेही हळू.

बाई गेल्या. मग वहिनी म्हणाली, "अहो, पाय माझं ऐकत नाहीत. तुम्ही तरी ऐका."

दादा उठून पडद्याच्या अलीकडे गेला. मला वाटलं, रुसला. मग पेटी उघडल्याचा आवाज आला. तो पाना घेऊन आला आणि त्याने पहिल्यांदा पावलांचे पट्टे सोडले, मग चाकाचा पट्टा काढला, मग पायडल. सुट्या झालेल्या पायडलवर तिच्या पावलांनी झिजून गुळगुळीत झालेल्या दोन जागा होत्या. तो त्या अंगठ्याने पुसत राहिला. नंतर पायडल कागदात गुंडाळून त्याने माळ्यावर ठेवलं. त्यासाठी चढायच्या आधी त्याने स्टुलाचा पाय ठोकून पक्का केला.

मोटर लावायला त्याला दोन दिवसही लागले नाहीत. कोपराशी एक दांडी बसवली, दाबली की मशीन चालतं, सोडली की थांबतं. वहिनी खुर्ची पुढे सरकवून बसली आणि कोपर टेकवलं. मशीन पळालं. पुढेच पळालं.

"थांबव," दादा म्हणाला.

थांबलं.

"चालव."

चाललं.

"थांबव."

पुन्हा थांबलं. दादाच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते तो पुसतही नव्हता. "चालव," तो म्हणाला. "आता थांबव. परत चालव."

"अहो, दोरा संपेल," वहिनी म्हणाली.

"संपू दे. मी आणतो दुसरा."